फवारणीची बाधा

तिसऱ्या दिवशी निंदताना मनकर्णाबाईच्या हातून खुरपं तीनदा गळून पडलं. दोनदा ते सुनेनं, संध्यानं, उचलून दिलं. तिसऱ्यांदा ती बघतच राहिली, कारण सासूचं खुरप्याकडे लक्षच नव्हतं. सोयाबीनच्या दोन ओळींमधल्या तासात उकिडवी बसून ती आपल्या दंडावरून काहीतरी झाडत होती.

"काय होय आत्याबाई?"

"मुंगळे होयेत वं. हे पाह्य, किती चढून राहिले."

दंडावर एकही मुंगळा नव्हता. पावसानं चार दिवस उघडीप दिली होती. खारपाणपट्ट्याची काळी जमीन वरून वाळली होती, खालून चिकटच होती, आणि त्या उकाड्यात सगळ्याच बायांना घामाच्या धारा लागल्या होत्या. पण मनकर्णाबाईचं लुगडं पिळून काढावं इतकं ओलं होतं, आणि दोन्ही हात कोपरापासून थडथड उडत होते.

संध्याला तेव्हाच कळायला हवं होतं. चांदूर रेल्वेला बारावीपर्यंत शिकलेली बाई ती. नाही कळलं, आणि त्याचा राग तिला पुढं कितीतरी दिवस पुरला.

कारण ही सगळी अक्कल तिचीच होती. आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू झाला. अकरा वर्षांपासून गावातल्या बायांची वंदना मनकर्णाबाईच घेई. आवाज खणखणीत, पाली पाठ. नशा न करण्याचं पाचवं शील म्हणताना तिच्या तोंडाला लवंगेचा वास असायचा आणि लवंगेच्या खाली दुसरा. तो वास गावातल्या प्रत्येक नाकाला ठाऊक होता. कोणी बोलत नसे. त्या पौर्णिमेला संध्यानंच सासूचा हात धरून तिला मूर्तीपुढं उभं केलं होतं. "आत्याबाई, शील रोज मनता, आज घ्या. आपल्याले कोन्या बाबाकडं जायाचं काम नाई. मनाचं बळ असलं का सुटते."

म्हातारीनं ऐकलं. घरी येऊन पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडांच्या, गंजीतून तीन पव्वे काढले, सुनेच्या देखत उकिरड्यावर उलटे केले, आणि तेव्हापासून थेंबाला शिवली नव्हती. पहिल्या दिवशी ओकली. दुसऱ्या दिवशी जेवली नाही. संध्याला वाटलं, विष निघून राहिलं अंगातलं. ती मनातल्या मनात खूष होती.

आता सासू तासातच आडवी झाली. डोळे वर गेले, दातखीळ बसली, टाचा मातीत घासल्या जाऊ लागल्या. बाया ओरडत धावल्या. कोणी कांदा आणा म्हणालं, कोणी चप्पल हुंगवा म्हणालं. संध्यानं तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, आणि नवऱ्याला फोन लावला.

नागसेन भातकुलीत एका कृषी केंद्रात कामाला होता. तो मोटरसायकलनं आला तोवर गावचा रऊफ ॲटो घेऊन बांधाशी उभा होता. नागसेननं आईकडे पाहिलं, मग शेजारच्या वावराकडं पाहिलं. तिथं श्याम नावाचा गडी पाठीवर पंप घेऊन सोयाबीनवर फवारत होता. त्या वावराकडं नागसेन जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काय झालं?"

"फवारनीची बाधा झाली साहेब," नागसेन म्हणाला. "बाजूच्या वावरात फवारा चालू होता. वारं इकडचं होतं." आणि त्यानं औषधाचं नाव, टक्केवारी, पंपाला किती टोपणं टाकतात, सगळं धडाधड सांगितलं. रोज तेच विकणारा माणूस. डॉक्टरनं मान डोलावून लिहून घेतलं.

संध्यानं तोंड उघडलं. टेबलाखाली नागसेनची चप्पल तिच्या पायाच्या बोटांवर आली आणि दाबून राहिली. तिनं तोंड मिटलं.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत सुईवर सुई झाली होती. बायांच्या वॉर्डात दिवेलागणीपर्यंत मनकर्णाबाईचं तोंड कोरडं पडलं, गाल लालबुंद झाले, डोळ्यांची बुबुळं मोठी झाली. ती पोलक्याच्या गुंड्या तोडू लागली, सलाइनची नळी ओढू लागली. "काढा वं, काढा! पोलक्यात गेले मुंगळे!" वॉर्डातल्या दोन मावश्यांनी तिचे हात पट्टीनं खाटेला बांधले. ज्या हातांनी बाईनं जन्मभर दुसऱ्यांचा कापूस वेचला, ते हात खाटेच्या लोखंडाला बांधलेले बघून संध्याला संताप आला. तो आधी नवऱ्यावर गेला, मग स्वतःवर आला.

वॉर्डच्या नर्स बिल्कीस सिस्टर पन्नाशीच्या. त्यांनी खाटेजवळ वाकून मनकर्णाबाईच्या बोटांची थरथर बघितली आणि सरळ उभ्या राहिल्या.

"खरंच फवारा लागला का हिले?"

नागसेन म्हणाला, "हो ना सिस्टर. कागदावर हाय."

"कागद मले वाचता येतो. मी हिले इचारून राहिले." त्यांनी संध्याकडं बोट केलं.

वॉर्डात वीस खाटा. खाटेगणिक दोन-दोन नातेवाईक, कोणी डबा उघडलेला, कोणी पंख्याखाली बसलेलं. संध्या उभी राहिली आणि नको तितक्या मोठ्यानं बोलली, कारण हळू बोलायला गेली असती तर बोलणं झालंच नसतं.

"माही सासू दारू पिते सिस्टर. वीस वर्षं झाले. परवाच्या दिवशी मी बंद करवली. मी."

डबे खाणारे खाताखाता थांबले. कोणीतरी फिसकन हसलं. "बाई मानूस!" असं एक म्हातारी दुसरीला म्हणाली. नागसेन कोणाकडं न बघता बाहेर निघून गेला.

बिल्कीस सिस्टर हसल्या नाहीत. त्या भडकल्या. "हे सकाळी सांगाले काय झालं होतं? येवढी जुनी दारू अशी एकदम बंद करत नसतेत, झटके येतेत, मानूस मरते. औषधावर, डॉक्टरच्या नजरेखाली सोडा लागते. आन् वरून विषबाधेच्या सुया! शरम लय महाग पडते बाई." त्या बोलत बोलतच डॉक्टरला बोलवायला निघाल्या.

औषध बदललं. चौथ्या दिवशी मुंगळे गेले. सहाव्या दिवशी मनकर्णाबाईनं आपल्या हातानं चहाचा कप धरला आणि सुनेला विचारलं, "मी काही बोलली का वं, वाईट?"

"नाई."

"तुह्यावर हात उचलला का?"

"नाई आत्याबाई. तुमी मुंगळे झाडत होत्या."

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, की जीव वाचला, पण दारू सुटली असं समजू नका, पुढचा उपचार आता सुरू होतो. कार्ड नागसेननं घेतलं, घडी घालून खिशात टाकलं. "वाचली ना? चाला घरी."

घरी चौथ्या दिवशी संध्या पाणी भरून आली तर सासू पऱ्हाटीच्या गंजीपाशी उभी. खांद्यापर्यंत हात आत घातलेला. आत काही नव्हतं, ते तिलाही ठाऊक होतं.

"हात आपोआप गेला वं," ती म्हणाली आणि हात बाहेर न काढता तशीच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्यानं मजुरी पाडली आणि अमरावतीची एसटी धरली. राजापेठेत तिनं एकदा एक पाटी पाहिलेली होती. खाली क्लासच्या पोरांच्या गाड्यांची ही गर्दी, वर अरुंद जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी 'व्यसनमुक्ती केंद्र'. वर टेबलामागं एक तिशीतला माणूस, शर्टाच्या खिशाला नावाची पट्टी, स्वप्निल. त्यानं फॉर्म पुढं ओढला.

"पेशंट कोण? मिस्टर?"

"सासू."

पेन थांबलं. "सासऱ्यांचं विचारतोय ताई मी."

"सासरे मरून बारा वर्षं झाले. सासू पिते. तिच्यासाठी आली मी."

तो मागं बघून म्हणाला, "अबे, इकडं ये. लेडीज केस आली." आतून दुसरा आला, दारात टेकून उभा राहिला आणि संध्याला खालवर बघून घेतलं, जणू पिणारी हीच. "आमच्याकडं लेडीजची सोय नाही," स्वप्निल म्हणाला.

"मंग कुठं हाय?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. याचा विचार त्यांना आजवर करावा लागला नव्हता. "पुण्याबिण्याकडं असंल," आतून आलेला म्हणाला. संध्या जिना उतरली तेव्हा वरून हसण्याचा आवाज आला. तो तिच्यावर होता की आणखी कशावर, ते बघायला ती परत चढली नाही, एवढंच.

दुसरं ठिकाण शहराबाहेर. लोखंडी फाटक, आत कोणीतरी दार बडवत होतं आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. मालक ओमप्रकाश खुर्चीतून उठला नाही, पण बोलला गोड. "बाई हाय म्हनता? वय काय? छप्पन? हातपाय चालतेत?"

"चालतेत."

"मंग आनून सोडा. सहा महिने भेटाले यायचं नाई. आन् फी बी नका देऊ." तो जरा पुढं वाकला. "आमच्याकडं चाळीस पेशंट हायेत. सैपाकाची बाई पळून गेली. तुमची सासू दोन टाइम पोया थापल, कामात मन बी रमल तिचं."

संध्याला क्षणभर समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचे कान तापले. चाळीस दारुडे खाटेवर बसून बरे होणार आणि एक दारुडी त्यांच्या पोळ्या थापणार. "तुमच्या मायले आना ना थापाले," ती म्हणाली आणि निघाली. बोलल्याचा पश्चात्ताप तिला काही झाला नाही.

एसटी स्टँडच्या भिंतीवर एक नंबर होता. 'दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता.' तिनं तोही लावून पाहिला.

"भाजीत पुडी टाकायची ताई," पलीकडचा म्हणाला. "त्याला कळतही नाही."

"भाजी पेनारीच करते," संध्या म्हणाली. फोन कट झाला.

मग तिला हसू आलं, आणि हसता हसता इतका संताप आला की स्टँडवर बसलेली एक बाई सरकून लांब बसली. पिणाऱ्या पुरुषासाठी जिने होते, फाटकं होती, पुड्या होत्या, सगळं खरंखोटं काहीतरी होतं. तिच्या सासूसाठी पऱ्हाटीची गंज होती. संध्यानं डोळे पुसले आणि पायीच मोठ्या दवाखान्याची वाट धरली.

बिल्कीस सिस्टर ड्यूटी संपवून निघतच होत्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, कार्डाच्या मागं लिहून देलं होतं ना मी! याच दवाखान्यात, तिसऱ्या माळ्यावर, मनाच्या आजाराची ओपीडी. मंगळवारी माधवी मॅडम दारूवाल्यांचं पाहतेत. बाई असो, मानूस असो. गोया भेटतेत, मॅडम बसून बोलतेत. भरती व्हायची बी गरज नाई. दाखवलं नाई कोनं तुले?"

कोणी दाखवलं नाही ते संध्याला माहीत होतं.

ती घरी गेली नाही. भातकुलीला उतरून सरळ कृषी केंद्रात गेली. शेतकऱ्यांची गर्दी होती. नागसेन काउंटरमागं डबे मोजत होता.

"कार्ड द्या."

"कोन्तं कार्ड? घरी जाय तू."

"आत्याबाईचं. ज्याच्या मांगं सिस्टरनं लिवलं होतं ते."

तो काउंटरवर वाकून दातांतल्या दातांत बोलला. "त्याच्यावर दारू लिवली हाय, संध्या. माह्या मायच्या नावापुढं दारू. गावात मी फवारनीच सांगतली हाय. लोकं मायले भेटाले येऊन राहिले, केळं घेऊन. आन् तू ते कार्ड घेऊन एसटीत फिरशीन?"

"फिरीन. आन् तुमी काय पेता शनवारी, मित्राच्या वावरात? रसना?"

एका शेतकऱ्यानं मान वळवली.

"कार्ड द्या, नाई तं त्याच्यावर काय लिवलं हाय ते अथीच मनून दाखवतो. मले पाठ हाय."

नागसेननं खिशातून घडी काढली. ती घामानं मऊ झाली होती. त्यानं ती काउंटरवर टाकली, हातात दिली नाही.

मंगळवारी सासू-सून तिसऱ्या माळ्यावर बाकावर बसल्या. बाकी सगळे पुरुष, आणि त्यांना धरून आणलेल्या बाया. मनकर्णाबाईनं पदर तोंडावर ओढला होता. तरी चिठ्ठी फाडणाऱ्यानं संध्यालाच विचारलं, "पेशंट कुठं आहे? खाली बिडी पितोय का?" मनकर्णाबाईनं पदर खाली केला. "मी होय पेशंट," ती म्हणाली.

माधवी मॅडम वयानं लहान, चष्मा लावणारी. तिनं आधी कागद बघितला नाही. विचारलं, "मावशी, पहिल्यांदा कधी घेतली?"

"माही पिशवी काढली तवा. टाके ओले होते. यायनंच पाजली," मनकर्णाबाई म्हणाली. ह्यांनी म्हणजे तिच्या मेलेल्या नवऱ्यानं. "कापूस वेचाले जावं लागत होतं. दोन झाकनं घेतले का दुखत नसे. मंग दुखनं गेलं, झाकनं राहिले. मंग हे बी गेले, झाकनं राहिलेच." ती थांबली. "मले हे आजवर कोनं इचारलंच नाई, बाई."

संध्या खाली बघत राहिली. आठ वर्षं एका चुलीवर राबून तिनंही विचारलं नव्हतं. शील घ्या म्हणून मात्र सांगितलं होतं.

गोळ्या मिळाल्या. मॅडमनं एक गोष्ट शिकवली. तलफ येते ती अर्धा तास जोरात असते, मग उतरते. तेवढा अर्धा तास एकटं राहायचं नाही, हाताला काम द्यायचं. आणि जन्मभराचं वचन कोणाला द्यायचं नाही. आजचं आज.

असे दोन मंगळवार झाले. अमरावतीच्या एसटीत गावचे लोक भेटायचेच. गावाला सगळं कळलं. केळी बंद झाली.

श्रावण पौर्णिमेच्या सकाळी विहार कमिटीचे अध्यक्ष पंजाबराव दारात आले. आत बसले नाहीत. पांढरा सदरा, हातात छत्री. मनकर्णाबाई ओसरीवर डाळ निवडत होती, पण ते संध्याकडं बघून बोलले.

"सूनबाई, आज वंदना नागसेन घेईन. मनकर्णाबाईनं आराम करावा. लोकं नाव ठेवून राहिले. पंचशील मनाचं आन् आपन..." त्यांनी पुढचं छत्रीच्या दांड्याकडं बघून गिळलं.

"अकरा वर्षं तिनंच घेतली ना मामाजी? तवा तिच्या तोंडाचा वास तुमाले येत नव्हता?"

"तवाची गोष्ट येगळी. तवा झाकलेलं होतं."

"म्हंजे पेत होती तवा चालत होतं, आन् सोडून राहिली तं चालत नाई?"

"तू शिकेल हायेस, तुह्याशी कोन बोलंल," म्हणत पंजाबराव उतरले आणि छत्री न उघडताच भुरभुर पावसात निघून गेले.

मनकर्णाबाईनं निवडलेली डाळ परत न निवडलेल्या डाळीत मिसळली. "संध्ये," ती म्हणाली, "आज तलफ लय सुटली वं. आत्ता पायजे. पाय त्या दुकानाकडं चाल्ले माहे."

संध्यानं दाराला आतून कडी घातली, सासूसमोर मांडी घातली आणि सूप मधे ओढलं. "निवडा. मी बी निवडतो." घड्याळ भिंतीवर होतं. दोघी खडे काढत राहिल्या. मनकर्णाबाईनं पंजाबरावला शिव्या दिल्या, मेलेल्या नवऱ्याला दिल्या, सुनेला दिल्या, तुह्यामुळं माही अब्रू गेली म्हणाली, सूप उधळलं. संध्यानं डाळ गोळा केली. पुन्हा निवडली. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. मग म्हातारीनं पदरानं मान पुसली.

"चाल," ती म्हणाली. "मांगं बसू. बसाले तं कोनाची मनाई नाई ना?"

विहार भरलेला होता. पुढं माइकपाशी नागसेन, आदल्या शनिवारची सूज अजून त्याच्या डोळ्यांखाली होती. पंजाबराव त्याच्या शेजारी. मनकर्णाबाई अगदी मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसली. वंदना झाली. नागसेननं पहिलं शील म्हटलं, लोकांनी मागून म्हटलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला तो थांबला.

विसरला नव्हता. लहानपणापासून रोज ऐकलेलं ते. पण अख्खा विहार मान वळवून मागं त्याच्या आईकडं बघत होता, आणि आई त्याच्याकडं बघत होती. माइकमधून नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला.

मनकर्णाबाई उठली. चपलांच्या ढिगाजवळूनच, माइकशिवाय, तिनं पाचवं शील म्हटलं. आवाज तोच, खणखणीत. तोंडाला लवंग नव्हती. मग मराठीत म्हणाली, "हे माहं आजच्यापुरतं होय. उद्याचं उद्या मनीन. तुमचं तुमी पाहा." आणि खाली बसली.

मागून म्हणायला आधी बायांचा आवाज आला. पुरुषांचा बराच उशिरा आला आणि अर्धाच आला. नागसेनचे ओठ हलले की नाही ते संध्याला मागून दिसलं नाही.

खीर वाटून झाली, लोक पांगले. संध्या ढिगातून सासूची चप्पल शोधत होती, तेव्हा पंजाबराव शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मग छत्री उघडझाप करत, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सूनबाई, तो दवाखाना... कोन्त्या वारी असते? आमच्या एका पाव्हन्यासाठी पायजे होतं."

ते अगदी जवळ सरकले तेव्हा त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास आला.

संध्यानं आजूबाजूला पाहिलं. बाया अजून पायरीवर होत्या, नागसेन माइकची वायर गुंडाळत होता. बारीक आवाजात उत्तर देणं सोपं होतं. तिनं तो आवाज वापरला नाही.

"मंगळवारी, मामाजी! तिसरा माळा! सकाळी साताची एसटी, आमी दोघी असतोच." पायरीवरच्या सगळ्यांनी मान वळवली. संध्यानं चप्पल सासूच्या पायाशी ठेवली आणि तेवढ्याच मोठ्यानं पुढं म्हणाली, "आन् पाव्हन्याले सांगा, चिठ्ठी काढतानी फवारनी सांगाची नाई."